वसुली म्हणजे नेमके काय? मागणीच्या कागदापासून लिलावाच्या बोलीपर्यंत

वसुलीची नोटीस हातात पडली की डोळे आधी रकमेवर जातात. पण त्या कागदावरची सर्वांत कामाची ओळ वर, विषयाच्या जागी असते: ही नोटीस कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली काढली आहे. नोटीस काढणाऱ्याला काय नेता येते, काय नेता येत नाही, आपल्या हातात किती दिवस आहेत आणि दाद कुणाकडे मागायची, हे त्या एका ओळीवरून ठरते. बोलताना आपण सगळ्यालाच ‘वसुली’ म्हणतो. बँकेची वसुली, पतसंस्थेची, तहसीलदाराची, कोर्टाची, सोसायटीच्या मेंटेनन्सची, उसाच्या बिलाची. शब्द एकच असला तरी त्यामागचे अधिकार निरनिराळे आहेत. येणेकऱ्याचे पैसे बुडतात किंवा देणेकऱ्याचे घर जाते, ते अनेकदा हा फरक वेळेवर न कळल्यामुळे.

शब्द आणि त्याचे सोयरे

‘वसूल’ मूळचा अरबी, फारसीमार्गे मराठीत आला. अर्थ पोहोचणे, हाती येणे. आपले जे दुसऱ्याकडे अडकले होते ते हाती आले की वसूल झाले. ‘महसूल’ त्याचा सख्खा भाऊ वाटतो, पण त्याचे मूळ दुसरे आहे. ‘हासील’ ज्या धातूतून आला त्यातूनच महसूल आला, म्हणजे जमिनीतून जे उत्पन्न मिळाले ते. ‘जप्ती’ आणि ‘तगादा’ही अरबीच. ‘लिलाव’ मात्र पोर्तुगिजांचा.

जमाखर्चात तीन रकाने असतात: मागणी, वसूल आणि बाकी. ग्रामपंचायतीत हे आजही तसेच चालते. नमुना ८ मध्ये घराची कर आकारणी, नमुना ९ मध्ये मागणी आणि नमुना १० म्हणजे वसुलीची पावती. मागणीतून वसूल वजा केला की बाकी, आणि मुदत उलटूनही राहिलेली बाकी म्हणजे थकबाकी. देणारा स्वतःहून देतो तेव्हा ती परतफेड होते. त्याच्याकडून घ्यावे लागते तेव्हा वसुली. जास्त भरलेले परत येते तो परतावा, नुकसानीबद्दल मिळते ती भरपाई. अर्ज लिहिताना हे शब्द जागच्या जागी वापरावेत. परताव्याच्या अर्जात भरपाई मागितली की अर्ज चुकीच्या टेबलावर जातो.

‘हप्ता वसुली’ या शब्दाला दोन अर्थ चिकटले आहेत. कर्जाचा हप्ता घेणे ही कायदेशीर गोष्ट. दुकानदाराला दमदाटी करून दर महिन्याला पैसे घेणे ही खंडणी, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली तो गुन्हा आहे.

मागणे आणि घेणे यांच्यातली रेघ कायदा फार काटेकोर पाळतो. ज्याचे येणे आहे तो कुणीही मागू शकतो. पत्र लिहू शकतो, फोन करू शकतो, वकिलामार्फत नोटीस देऊ शकतो. पण दुसऱ्याची वस्तू, पगार, खाते किंवा घर त्याच्या इच्छेविरुद्ध घ्यायचे तर हातात अधिकाराचा कागद लागतो: कोर्टाचा हुकूमनामा, सहकार खात्याच्या निबंधकाचा वसुली दाखला, जिल्हाधिकाऱ्याकडे आलेले वसुली प्रमाणपत्र किंवा कायद्यानेच दिलेला तारणावरचा हक्क. यापैकी काहीही नसताना दारात येऊन गाडी ओढून नेणारा माणूस वसुली करत नसतो, मग त्याचे येणे कितीही खरे असो.

उसनवारी: तीन वर्षांचे घड्याळ

ओळखीत, नात्यात दिलेल्या पैशांसाठी दिवाणी दावा करता येतो. मुदत कायद्याप्रमाणे साधारण तीन वर्षांत. ‘मागशील तेव्हा देतो’ अशा बोलीवर पैसे दिले असतील तर ही तीन वर्षे पैसे दिल्याच्या तारखेपासून मोजतात, मागितल्याच्या तारखेपासून नव्हे. सर्वाधिक दावे इथेच बुडतात. ‘पुढच्या दिवाळीला देतो’ ऐकता ऐकता तीन दिवाळ्या जातात आणि दावा मुदतबाह्य होतो.

घड्याळ नव्याने सुरू करण्याचे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही मुदत संपण्याआधी करावे लागतात. एक, देणेकऱ्याने सही करून ‘माझ्याकडून इतके येणे आहे’ असे लिहून देणे. दुसरा, त्याने थोडी का होईना रक्कम भरणे, आणि ती त्याच्या सहीने किंवा त्याच्या खात्यावरून आल्याचा पुरावा राहणे. दोन्हींत त्या तारखेपासून नवी तीन वर्षे मिळतात. मुदत संपून गेली असेल तर नुसती कबुली चालत नाही. करार कायद्याच्या कलम २५(३) प्रमाणे ‘ही जुनी बाकी मी फेडीन’ असे स्पष्ट लेखी वचन लागते.

पैसे देताना बँकेतूनच द्यावेत. आयकर कायद्याने २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने उसनी देण्याघेण्यावर बंदी घातली आहे, आणि रोखीचा व्यवहार कोर्टात सिद्ध करणेही जड जाते. रेव्हेन्यू स्टँप लावलेली वचनचिठ्ठी किंवा लेखी करार हातात असेल तर साध्या दाव्याऐवजी समरी, म्हणजे झटपट निकालाचा, दावा करावा. त्यात समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत प्रतिवादीने हजेरी नोंदवायची असते. बचाव करायचा तर पुढच्या नोटिशीनंतर १० दिवसांत कोर्टाची परवानगी मागायची. कारण पोकळ असेल तर कोर्ट परवानगी नाकारते किंवा आधी पैसे भरायला सांगते.

चेक परत आला असेल तर परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ ची वाट आहे, पण तिच्या तारखा अगदी कडक. चेक त्यावरील तारखेपासून तीन महिन्यांच्या आत बँकेत टाकलेला हवा. न वटल्याचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, नोटीस पोहोचल्यापासून देणाऱ्याला १५ दिवस, आणि ते १५ दिवस संपल्यावर एका महिन्याच्या आत फौजदारी तक्रार. नोटिशीत चेकवरचीच रक्कम मागावी. व्याज, वकिलाची फी मागायची तर वेगळ्या ओळीत, वेगळी दाखवून. चेकची रक्कम म्हणून वेगळाच आकडा लिहिला तर नोटीसच अवैध ठरते आणि पुढचे सगळे प्रकरण कोसळते. खटला चालू असताना कोर्ट चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देऊ शकते. तो अर्ज न करताच वर्षे काढणारे तक्रारदार पुष्कळ आहेत.

छोट्या कारखानदारांनी आणि पुरवठादारांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल तर माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळणे हा कायद्याने दिलेला हक्क आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज लागते. नोंदणी मात्र माल देण्याच्या आधीची हवी.

दावा जिंकला, पैसे कुठे आहेत?

हुकूमनामा म्हणजे पैसे नव्हेत. तो मिळाल्यावर देणेकऱ्याने स्वतःहून भरले नाही तर त्याच कोर्टात वेगळी दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करावी लागते. पैशाच्या हुकूमनाम्याची दरखास्त करायला १२ वर्षांची मुदत आहे. दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढाव्यात असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बजावले. तरीही त्या रेंगाळतात, आणि त्याचे मोठे कारण अर्जातच असते: कशावर जप्ती हवी हे नीट लिहिलेले नसते.

मालमत्ता शोधून कोर्टापुढे ठेवणे हे येणेकऱ्याचे काम आहे. बेलिफ घरोघर तपास करत फिरत नाही. म्हणून दावा चालू असतानाच माहिती जमवायला लागावे: देणेकऱ्याच्या नावावरचे सातबारा आणि मिळकत पत्रिका, बँकेचे नाव व शाखा, नोकरी असेल तर पगार देणाऱ्याचा पूर्ण पत्ता, वाहनाचा क्रमांक. माहिती मिळतच नसेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २१, नियम ४१ खाली अर्ज करावा. कोर्ट देणेकऱ्याला त्याच्या मालमत्तेचे शपथपत्र द्यायला सांगते. ते न दिल्यास तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. दावा चालू असताना समोरचा मालमत्ता विकून टाकण्याच्या बेतात दिसला तर निकालाआधीच्या जप्तीचाही अर्ज करता येतो, पण त्याला ठोस पुरावा लागतो. विक्रीची जाहिरात, दलालाशी झालेला पत्रव्यवहार, असे काही.

आता काय नेता येत नाही ते पाहू. त्याच संहितेच्या कलम ६० मध्ये यादी आहे आणि देणेकऱ्याच्या घरात ती सगळ्यांना ठाऊक असायला हवी. अंगावरचे व लागणारे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण जप्त होत नाही. धर्माच्या रीतीप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने, म्हणजे मंगळसूत्र, जप्त होत नाही. कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, पोटापाण्यासाठी लागणारी जनावरे आणि बियाणे सुटते. शेतकरी, मजूर किंवा घरगडी स्वतः राहत असलेले त्याचे घरही सुटते, मात्र त्याच घरावर कर्ज काढले असेल तर ती सवलत मिळत नाही. भविष्य निर्वाह निधी, पीपीएफ, ग्रॅच्युइटी, सरकारी पेन्शन यांना हात लागत नाही. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी जप्तीसाठी राहत्या घरात शिरता येत नाही. पैशाच्या हुकूमनाम्यापायी स्त्रीला अटक करता येत नाही, आणि पुरुषालाही ‘पैसे नाहीत’ एवढ्याच कारणावरून नाही. पैसे असून तो मुद्दाम देत नाही किंवा मालमत्ता लपवतो आहे हे दाखवावे लागते.

पगाराचे गणित एकदा करून पाहू. पगार ४०,००० रुपये आहे. पहिले १,००० रुपये सोडायचे, राहिले ३९,०००. त्याचे दोन तृतीयांश, म्हणजे २६,००० रुपये, पुन्हा सोडायचे. जप्त होऊ शकतात ते १३,००० रुपये. एकाच हुकूमनाम्यासाठी ही कपात एकूण २४ महिन्यांपर्यंतच चालते. म्हणजे या नोकरदाराच्या पगारातून जास्तीत जास्त ३,१२,००० रुपये मिळतील. येणे आठ लाख असेल तर पगारावर विसंबून चालणार नाही, पहिल्याच दरखास्तीत दुसरी मालमत्ताही दाखवावी. पोटगीच्या हुकूमनाम्यात मात्र पगाराचा एक तृतीयांश भागच सुटतो.

जमीन किंवा घराचा लिलाव झाला तर खरेदीदाराने २५ टक्के रक्कम तिथेच भरायची आणि उरलेली १५ दिवसांत. एक दिवस जरी चुकला तरी लिलाव रद्द होतो. देणेकऱ्याला शेवटची संधी विक्रीनंतरही असते: ६० दिवसांच्या आत जाहीरनाम्यातली सगळी थकबाकी आणि खरेदीदारासाठी किमतीच्या ५ टक्के रक्कम कोर्टात भरली की विक्री रद्द होते. कितीतरी घरे यामुळे वाचू शकली असती.

भरलेले पैसे जातात कुठे

देणेकऱ्यांची सर्वांत मोठी तक्रार: ‘इतके भरले तरी कर्ज तेवढेच.’ त्याचे कारण जमा करण्याच्या क्रमात आहे. करारात वेगळे ठरले नसेल तर भरणा आधी खर्चात, मग व्याजात आणि शेवटी मुद्दलात जातो. मुद्दल १,००,०००, सरळव्याज १२ टक्के, दोन वर्षे काहीच भरले नाही. व्याज २४,००० झाले. आता २०,००० भरले तर सगळे व्याजात जातात. मुद्दल जसेच्या तसे एक लाख, व्याजाची बाकी ४,०००. म्हणून तडजोडीच्या वेळी ‘अमुक रक्कम मुद्दलात जमा करावी’ हे लेखी ठरवून घ्यावे आणि पावतीवर तसे लिहून मागावे. पैसे देऊन झाल्यावर केलेल्या विनंतीला वजन राहत नाही.

बँक: कोर्टाशिवाय ताबा

घर किंवा कारखाना तारण असेल तर बँकेला कोर्टात न जाता तारणावर हात टाकता येतो. हा अधिकार सरफेसी कायदा, २००२ चा. सहकारी बँकांनाही तो लागू आहे. मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने २०२० मध्ये तसा निकाल दिला.

हप्ता ९० दिवस थकला की खाते एनपीए, म्हणजे अनुत्पादक, होते. पीक कर्जाला हंगामाचे माप आहे: अल्प मुदतीच्या पिकाला दोन हंगाम, दीर्घ मुदतीच्या पिकाला एक. त्यानंतर कलम १३(२) ची नोटीस येते, ६० दिवसांची. या ६० दिवसांत लेखी हरकत घ्यावी. व्याजाची चूक, न धरलेले भरणे, एनपीएची चुकलेली तारीख, जे असेल ते आकड्यांसह लिहावे. बँकेने त्यावर १५ दिवसांत कारणे देऊन उत्तर द्यायचे असते. कोरा नकार किंवा मौन पुढे कर्ज वसुली न्यायाधिकरणात बँकेला महाग पडते. पण हरकतच घेतली नसेल तर ही ढाल हातातून जाते.

६० दिवसांनंतर कलम १३(४) खाली ताबा. बहुधा आधी प्रतीकात्मक असतो: दारावर नोटीस चिकटवतात आणि सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत छापतात, त्यातले एक स्थानिक भाषेतले. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक जिल्हाधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांकडे कलम १४ चा अर्ज करते. ताब्याच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणात जाता येते. महाराष्ट्रात ते मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहे. विक्रीआधी ३० दिवसांची नोटीस लागते. संपूर्ण थकबाकी भरून मालमत्ता सोडवण्याचा हक्क लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच टिकतो. पूर्वी तो विक्री पूर्ण होईपर्यंत होता, २०१६ च्या दुरुस्तीने आखडला. लिलावाच्या दिवशी पैसे घेऊन धावत जाणाऱ्याला म्हणूनच उशीर झालेला असतो.

शेतजमीन, एक लाखापर्यंतचे कर्ज आणि मुद्दल-व्याजाच्या २० टक्क्यांहून कमी उरलेली बाकी, यांना सरफेसी लागत नाही. ‘शेतजमिनीला कुणी हात लावू शकत नाही’ हा समज इथून पसरला, आणि तो चुकीचा आहे. कोर्ट, तहसीलदार आणि सहकार खाते यांच्या मार्गाने शेतजमीनही लिलावात निघते.

सहकार खात्याचा १०१ चा दाखला

पतसंस्था, नागरी बँका, विविध कार्यकारी सोसायट्या यांचे मुख्य हत्यार म्हणजे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चे कलम १०१. दिवाणी दाव्याऐवजी संस्था उपनिबंधक किंवा सहायक निबंधकाकडे अर्ज करते, तो चौकशी करून वसुली दाखला देतो, आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गृहनिर्माण संस्थांसाठी हीच सोय कलम १५४ब-२९ मध्ये आहे. त्यामुळे सोसायटीने जुन्या सवयीने १०१ चा अर्ज टाकला तर तो कलमावरच अडकतो.

अर्जासोबत लागणारे कागद साधे आहेत, पण एकमेकांशी जुळले पाहिजेत: वसुलीची कारवाई करण्याचा कमिटीचा ठराव, सभासदाचा खातेउतारा, कर्जरोखा व जामीनदारांचे कागद, मागणीच्या नोटिसा पोहोचल्याच्या पोचपावत्या, चौकशी फीचे चलन. गृहनिर्माण संस्थेने बिलांच्या प्रती आणि शुल्क ठरवणारा सर्वसाधारण सभेचा ठराव जोडावा. अर्ज बहुधा खातेउताऱ्यावर फसतात. व्याजावर व्याज चढवलेले असते, किंवा सभेत मंजूरच न झालेला दंड मेंटेनन्सच्या बाकीत मिसळलेला असतो. २०१४ च्या आदर्श उपविधींत कमाल २१ टक्के सरळव्याज होते, चक्रवाढ कधीच नव्हते. अर्ज करण्याआधी हिशेबनीसाकडून मुद्दल, व्याज आणि इतर आकार असे तीन वेगळे रकाने करून घ्यावेत.

सभासदाच्या बाजूने पाहिले तर सुनावणीची तारीख हीच खरी जागा. तिथे गैरहजर राहायचे आणि दाखला निघाल्यावर जागे व्हायचे, हे फार महागात जाते. दाखल्याविरुद्ध कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज करता येतो, पण त्याआधी वसूलपात्र रकमेच्या ५० टक्के भरावे लागतात. दहा लाखांच्या दाखल्यावर बोलण्यासाठीच पाच लाख. सुनावणीला हजर राहून हेच मुद्दे फुकट मांडता आले असते. जामीनदाराने तर पहिल्या नोटिशीपासून हजर राहावे. कायद्याच्या नजरेत तो आणि कर्जदार सारखेच, आणि वसुली अधिकारी ज्याच्याकडून लवकर मिळेल त्याच्याकडे आधी जातो. जामीनदाराने भरलेली रक्कम त्याला कर्जदाराकडून वसूल करता येते, म्हणून भरणा स्वतःच्या खात्यातून करावा आणि पावती ‘जामीनदार’ म्हणून घ्यावी.

पुढची जप्ती आणि विक्री कलम १५६ आणि १९६१ च्या नियमांतल्या नियम १०७ प्रमाणे चालते. मागणी नोटीस, जप्ती, जाहीर उद्घोषणा, लिलाव, कायमीकरण. यातली एखादी पायरी गाळली की तेवढ्यावरून लिलाव रद्द होऊ शकतो. घाईत ‘उद्घोषणा झाली’ असे कागदावर दाखवणाऱ्या अधिकाऱ्यामुळे नुकसान संस्थेचेच होते.

तहसीलदाराकडे आलेले प्रमाणपत्र

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये महसुलाची थकबाकी कशी घ्यायची हे ठरलेले आहे: मागणी नोटीस, जंगम मालमत्तेची अटकावणी व विक्री, स्थावराची जप्ती व विक्री, आणि शेवटचा उपाय म्हणून अटक. दुसरे कायदे ‘ही रक्कम महसुलाची थकबाकी समजून वसूल करावी’ असे म्हणतात तेव्हा हीच यंत्रणा त्यांच्या कामाला येते. बोलीत त्याला ‘आरआरसी’, म्हणजे महसुली वसुली प्रमाणपत्र, म्हणतात.

ऊस उत्पादकांना हा शब्द तोंडपाठ आहे. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (सरकारने ठरवलेली रास्त किंमत) मिळाली पाहिजे, नंतर वर्षाला १५ टक्के व्याज. कारखान्याने थकवले तर पुण्याचे साखर आयुक्त आरआरसीचा आदेश काढतात आणि जिल्हाधिकारी साखर, मळी, बगॅस व गरज पडल्यास स्थावर मालमत्ता जप्त करून विकतात. महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाने, बिल्डरला पैसे परत करायला सांगितले आणि त्याने ते केले नाही, तर तिथेही रेरा कायद्याच्या कलम ४०(१) खाली वॉरंट जिल्हाधिकाऱ्याकडे जाते. ग्रॅच्युइटी आणि कामगारांची कायदेशीर येणी याच वाटेने जातात.

इथे दोन अडचणी नेहमी येतात. पहिली, प्रमाणपत्रासोबत मालमत्तेचा तपशील नसतो आणि कागद तहसीलच्या कपाटात पडून राहतो. घरखरेदीदारांनी बिल्डरच्या न विकलेल्या सदनिकांची यादी महारेराच्या संकेतस्थळावरून काढून, भूखंडाच्या उताऱ्यासह, तहसीलदाराला स्वतः नेऊन द्यावी आणि आवक क्रमांक घ्यावा. दुसरी अडचण जास्त कठीण: मालमत्ता आधीच बँकेकडे गहाण असते. बँकेने आपला हक्क तारणांच्या केंद्रीय नोंदणीत नोंदवलेला असेल तर विक्रीच्या पैशांवर तिचा पहिला हक्क, सरकारी करांच्याही आधी. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२२ मध्ये हे स्पष्ट केले. म्हणून जप्तीचा आग्रह धरण्याआधी त्या मालमत्तेवरचा बोजा तपासावा, आणि ज्यावर बोजा नाही ती आधी सुचवावी.

सावकार

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली. त्यांचा रोख कर्जरोखे आणि हुकूमनाम्यांवर होता. ते हिसकावून जाळले गेले. दंगे पुणे-नगर भागात पसरले आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्याने कोर्टाला रोख्यामागचा मूळ व्यवहार उकरून पाहण्याचा अधिकार दिला आणि देण्यापायी शेतकऱ्याला कैद करणे बंद केले.

आजचा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ तीच नजर पुढे नेतो. परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे आणि अशा सावकाराला कोर्टातून वसुलीचा हुकूमनामा मिळत नाही. कागदावर खरेदीखत असले, पण ती जमीन मुळात कर्जापोटी लिहून दिलेली असली, तर कलम १८ खाली जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. मागच्या १५ वर्षांतला व्यवहार असेल आणि सावकारी सिद्ध झाली तर तो खरेदीखत अवैध ठरवून जमीन परत देऊ शकतो. पुरावा म्हणून व्याज दिल्याच्या नोंदी, बाजारभावापेक्षा फार कमी किंमत, विक्रीनंतरही कसणूक मूळ मालकाकडेच असल्याचे पीक पाहणीचे उतारे उपयोगी पडतात. दामदुपटीची मर्यादा या कायद्यातही आहे: मुद्दल ५०,००० असेल तर व्याज ५०,००० च्या पुढे वसूल करता येत नाही. बँकांच्या कर्जाला मात्र हा कायदा लागत नाही.

दारात आलेला वसुली एजंट

बँक आणि बिगरबँक वित्त कंपन्यांच्या एजंटांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावले. नातेवाइकांना, मित्रांना फोन करून बदनामी करणेही मना आहे. एजंटाकडे ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र मागावे, दोन्हीचा फोटो घ्यावा. त्याच्या हातात रोख देऊ नये, कर्ज खात्यात भरावे. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत नाहीत, त्यांची तक्रार उपनिबंधकाकडे. धमकी किंवा मारहाण असेल तर थेट पोलीस ठाणे.

पैसे फिटल्यानंतर

एकरकमी परतफेड योजनेत काही रक्कम सोडून मिटवले तर सिबिलच्या अहवालात खाते ‘क्लोज्ड’ ऐवजी ‘सेटल्ड’ दिसते आणि पुढच्या कर्जाला अडथळा होतो. घर वाचवायचे असेल तर ती किंमत मोजावी, पण सही करण्याआधी ती ठाऊक असावी. लिलावातून थकबाकी आणि खर्च भागून रक्कम उरली असेल तर ती कर्जदाराची. ती लेखी मागावी, आणि विक्रीचा पूर्ण हिशेबही मागावा.

पूर्ण फेड झाल्यावर बँकेने मूळ दस्तऐवज ३० दिवसांत परत करायचे असतात. तिच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा १ डिसेंबर २०२३ पासूनचा नियम आहे. सोबत बेबाकी दाखला (काही बाकी नसल्याचा), दिलेले कोरे चेक आणि जामीनदाराच्या मुक्ततेचे पत्र घ्यावे. शेतजमिनीवर कर्ज असेल तर सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बँकेचे नाव तसेच राहते, ते आपोआप जात नाही. बेबाकी दाखला जोडून ई-हक्क प्रणालीवर किंवा तलाठ्याकडे बोजा कमी करण्याचा अर्ज द्यावा, फेरफार मंजूर झाल्यावर नवा डिजिटल सातबारा काढावा आणि इतर हक्कांचा रकाना स्वतः वाचून पाहावा.